कापुचिन, कुंची आणि कपेल

‘कापुचिन’ हे ख्रिस्ती संन्यासी आणि ‘कापुचिनो’ कॉफी यांचा काही संबंध आहे का, आणि या संन्याशांना मराठीत ‘मठवासी’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. संबंध आहे, मात्र ‘कपातून पितात म्हणून कापुचिनो’ ही सर्रास ऐकू येणारी व्युत्पत्ती कृपा करून कोणी पुढे चालवू नये.

मूळ इटालियन शब्द ‘काप्पुच्चो’, म्हणजे झग्यालाच शिवलेली टोकदार टोपी, आपल्या तान्ह्या बाळाच्या कुंचीची आठवण व्हावी अशी. संत फ्रान्सिस यांच्या संघातले आपले बंधू त्यांच्या दारिद्र्यव्रतापासून ढळले, या तळमळीने मात्तेओ दा बाशो या फ्रान्सिस्कन संन्याशाने १५२५च्या सुमारास तसा खरखरीत झगा अंगावर चढवला. दाढी राखणे, भिक्षेवर जगणे आणि साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करणे ही या मंडळींची राहणी होती. पोप सातवे क्लेमेंट यांनी १५२८मध्ये त्यांना मान्यता दिली, आणि लोकांनी टोपीवरूनच त्यांना नाव ठेवले.

कॉफीला नाव मिळाले ते झग्याच्या तपकिरी रंगावरून. फेस टोपीसारखा दिसतो म्हणून हे नाव, असे सांगणाऱ्यांचे मत मला मुळीच मान्य नाही, कारण व्हिएन्नात साय घातलेल्या कॉफीला ‘कापुत्सिनर’ म्हणत, ते फेस काढणारी वाफेची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून. तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेल्या १६८३च्या वेढ्यानंतर मार्को द’आव्हियानो या कापुचिनाने ही कॉफी शोधली, या कथेलाही पुरावा नाही. तो तेव्हा व्हिएन्नात होता, एवढेच खरे.

खरा आनंद पुढेच आहे. ‘काप्पुच्चो’च्या मुळाशी लॅटिन ‘काप्पा’, म्हणजे झगा. संत मार्टिन यांनी भिकाऱ्याला अर्धा कापून दिल्यावर उरलेल्या झग्याला ‘काप्पेल्ला’ म्हणू लागले, तो जतन केलेल्या प्रार्थनास्थळालाही तेच नाव पडले, आणि त्यातूनच इंग्रजी ‘चॅपल’, पोर्तुगीज ‘कापेला’ व गोव्यातले ‘कपेल’ आले. म्हणजे कपेल आणि कापुचिन ही एकाच झग्याची लेकरे. आपली ‘कफनी’ मात्र कोणी या कुळात ओढू नये. ती अरबी ‘कफन’वरून आलेली आहे.

राहिला ‘मठवासी’. तो शब्द एकाच मठात जन्म काढणाऱ्या बेनेडिक्टाइन संन्याशांना शोभतो. गावोगाव फिरणाऱ्या कापुचिनांना ‘भिक्षू’च म्हणावे. सुरतेतील फादर आंब्रोज असेच एक कापुचिन. १६६४च्या लुटीत शिवाजी महाराजांनी त्यांच्या निवासाला धक्का लावू दिला नाही, अशी नोंद फ्रेंच प्रवासी बर्निए याने केली आहे.