उबुंटू २२.०४ वर जीसीसी-१२ काढून टाकला तरी पुन्हा पुन्हा का येतो?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय, कॉलेजच्या प्रोजेक्टला जीसीसी या कंपायलरची ११ वी आवृत्ती, म्हणजे जीसीसी-११, हवी म्हणून १२ पर्ज केला (सेटिंगसकट काढून टाकला), मग वायफाय गेलं, वायफाय डाँगलचा ड्रायव्हर परत टाकला तर १२ पुन्हा हजर.

मीही यात तीनदा अडकलोय. तिसऱ्यांदा तर ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये, वायफाय मेलेलं म्हणून फोन केबलने जोडून. घाटकोपरला गर्दी चढली, नेट गेलं, डाउनलोड अर्धवट. करायला काही नव्हतं म्हणून टर्मिनल वर सरकवून ॲप्टने (पॅकेजेस टाकणारी-काढणारी कमांड) पर्जच्या वेळी काय विचारलं होतं ते पहिल्यांदा नीट वाचलं. 'काढली जाणारी पॅकेजेस' या यादीत जीसीसी-१२ च्या शेजारीच डीकेएमएस आणि वायफायचा ड्रायव्हर! मी न वाचताच वाय, म्हणजे 'हो', दाबला होता.

डीकेएमएस म्हणजे नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आला की ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करणारा गडी. ड्रायव्हरला डीकेएमएस लागतो आणि डीकेएमएसला १२, म्हणून ड्रायव्हर टाकला की १२ मागोमाग येतो. २२.०४ वरचे ६.५ आणि ६.८ हे एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचे) कर्नल जीसीसी-१२ ने बनलेत, त्यामुळे त्यांची मॉड्यूल्सही (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हर वगैरे) १२ नेच बांधलेली बरी. खात्री करायची तर प्रॉक फोल्डरमधली व्हर्जन फाइल कॅट करून बघा, कंपायलरचं नाव तिथे छापलेलं असतं. १२ ला कोण बोलावतंय हे 'ॲप्टिट्यूड व्हाय जीसीसी-१२' सांगेल. ॲप्टिट्यूड आधी टाकावं लागतं, नसेल तर 'ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स' ला इन्स्टॉल्डचा पर्याय देऊन चालवा.

पिनिंग करून (ॲप्टला पॅकेजचा अग्रक्रम ठरवून देऊन) १२ ची प्रायॉरिटी उणे १ ठेवा, म्हणजे तो येणारच नाही, असा सल्ला कोणीतरी देईलच. चालतं ते, पण मग ड्रायव्हर 'अनमेट डिपेंडन्सीज' (लागणारं पॅकेज मिळत नाही) म्हणून अडून बसतो. वायफाय हवं असेल तर या भानगडीत पडू नका.

मुळात १२ असल्याने तुमचं काही बिघडत नाही. २२.०४ वर नुसतं 'जीसीसी' लिहिलं की ११ च चालतो, १२ हवा तर 'जीसीसी-१२' असं पूर्ण नाव घ्यावं लागतं. तुमच्याकडे नुसत्या जीसीसीने १२ येत असेल, तर कधीतरी एखादा व्हिडिओ बघून अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज (नुसत्या नावाने कोणती आवृत्ती चालावी ते ठरवणारी कमांड) चालवलेलं असणार. ते रिमूव्ह-ऑल ने काढा आणि जीसीसी पॅकेज रीइन्स्टॉल करा. सरांच्या मशीनवर काय असेल याचा भरवसा नसेल, तर मेकफाइलमध्येच (प्रोजेक्ट कसा कंपाइल करायचा ते सांगणारी फाइल) 'सीसी = जीसीसी-११' असं लिहून ठेवा, सी प्लस प्लस असेल तर 'सीएक्सएक्स = जी++-११'.

आणि हो, साफसफाईच्या भरात जीसीसी-१२-बेसला हात लावू नका. नाव तसं असलं तरी तो कंपायलर नव्हे. लिबजीसीसी ही लायब्ररी त्याच्यावर टेकलीय, लिबसी (सी ची मूळ लायब्ररी) लिबजीसीसीवर, आणि लिबसीवर जवळपास अख्खं मशीन.