हरण्या आणि ‘आरएनए’ची बाटली

प्रश्न (रावेर तालुका): केळीच्या मृगबागेची (जून-जुलैत लावलेली) 4 हजार खोडं आहेत, लावून दोन महिने झाले. साठेक खोडांच्या पानांवर हरण्याचे पिवळे पट्टे आहेत. दुकानदार ‘आरएनए तंत्राचे विषाणूनाशक’ देतो, तीन फवारण्या सांगतो. गेल्या वर्षी शेजारची खोडं त्यानेच सुधारली. मारू का?

उत्तर: मारू नका. ती साठ खोडं उपटा.

शेजारची खोडं सुधारली हे खरं, पण बाटलीने नाही. हरण्या म्हणजे काकडी मोझॅक विषाणू. तो पेशीत शिरला की केळी त्याच्या आरएनएचे, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर असलेल्या रेणूचे, 21 ते 24 अक्षरांचे तुकडे करते. या तुकड्यांपासून प्रथिन बनत नाही, म्हणून त्यांना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. पण हेच तुकडे नमुन्यासारखे वापरून झाड पुढचा विषाणू ओळखते आणि कापते. विषाणूही कमी नाही, त्याचे 2बी नावाचे प्रथिन ही यंत्रणा दाबून टाकते. थंड, ढगाळ हवेत झाडाची ही यंत्रणा मंदावते, म्हणून झडीत हरण्या भडकतो. उघडीप पडली, पारा चढला की ती जोर धरते आणि पोंग्यातून (नव्या पानाच्या गुंडाळीतून) स्वच्छ पान येते. दुकानदाराची तिसरी फवारणी नेमकी त्याच आठवड्यात असते! विषाणू मात्र झाडात राहतो आणि पिलांत (बुंध्याशी फुटणाऱ्या नव्या रोपांत) उतरतो.

आरएनएची फवारणी ही थाप नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर आरएनए चढवून याच विषाणूपासून तंबाखूची रोपे वाचवली, 2017 मध्ये ते प्रसिद्ध झाले. पण ती फवारणी लागण होण्याआधीची होती. लागलेलं खोड बरं करणारं औषध नाही. दुकानदाराला लेबलवरचा नोंदणी क्रमांक, पीक आणि रोग बोटाने दाखवायला सांगा.

दुसरी चूक म्हणजे मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दिसला की पंपात दुप्पट औषध. करू नका. मावा पानात सोंड खुपसतो आणि काही सेकंदांत विषाणू उचलतो, तितक्याच झटपट दुसऱ्या खोडाला देतो. औषधाने मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. त्यात दोन-तीन औषधं एकत्र केली तर मित्रकीटक मरतात आणि बिथरलेला मावा बागभर फिरतो. लेबलवर केळी आणि मावा लिहिलेलं एकच औषध, लिहिलेल्याच मात्रेत. दुप्पट नाही, दीडपटही नाही.

क्रम असा: आधी रोगट खोडं आणि आजूबाजूच्या ओळींवर मावानाशक मारा, मग खोड कंदासकट काढून बागेबाहेर खोल गाडा. उलटं केलंत तर उपटताना मावा शेजारी उडतो. मी पाहिलेल्या कितीतरी बागांत खोडं उपटून बांधावरच टाकलेली होती. त्याचा काय उपयोग?

बांधावरचं केना हे तण काढा. बागेत काकडी, गिलकी, भोपळा, चवळी नको म्हणजे नको. पुढच्या लागवडीला चारही बाजूंनी मका किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी लावाच. मावा आधी तिथे सोंड पुसतो. रोपं विषाणू-तपासणी केलेल्या प्रयोगशाळेचीच घ्या, शेजाऱ्याची पिलं नकोत.

फळपीक विम्यात हवामानाचे धोके मोजतात, हरण्या नाही. उपटण्याआधी फोटो आणि खोडांची संख्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहाय्यक) नोंदवा.

बाटली घेतलीच असेल तर झाकण फोडू नका, पक्की पावती दाखवून परत करा. पावती दिलेली नसेल तर बाटली घेऊन थेट कीटकनाशक निरीक्षकाकडे जा.