नोकरी शोधतच नसलेल्या माणसापर्यंत हेडहंटर, म्हणजे कंपन्यांना हवा तसा माणूस शोधून देणारा, पोहोचतो कसा?
जाहिरात देऊन नाही, हे आधी लक्षात घ्या. कंपनीला नेमका कसा माणूस हवाय हे समजून घेतलं की हेडहंटर प्रतिस्पर्धी कंपन्यांत ते काम सध्या कोण करतंय याची यादी बनवतो. त्या क्षेत्रातल्या जाणकारांकडे चौकशी करतो आणि पहिला फोन बहुतेकदा कंपनीचं नाव न सांगताच करतो. खरं कसब इथेच लागतं. नोकरीत स्थिरावलेला माणूस नुसत्या पगारवाढीने हलत नाही. त्याला आतून काय खुपतंय, पुढे काय करायचंय, ते शांतपणे ऐकून घ्यावं लागतं. वरिष्ठ पदांसाठी फी साधारण पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश असते आणि ती कंपनी भरते. उमेदवाराकडेच पैसे मागणाऱ्याशी व्यवहार करू नका.