वस्तीच्या रस्त्यावर शरीरविक्रय होत असेल, तर रहिवाशांनी गाड्यांचे नंबर टिपण्याचा उपयोग होतो का?

तुमच्या वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर रात्री काही स्त्रिया गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या राहतात, रहिवासी समितीत गस्त घालून गाड्यांचे नंबर टिपण्याचा ठराव येणार आहे, आणि त्याने काही साधेल का, असे तुम्ही विचारले आहे. सोळा वर्षांपूर्वी आमच्या समितीत हाच ठराव मी स्वतः मांडला होता, आणि माझे अक्षर बरे असल्यामुळे नंबर टिपण्याची वहीही माझ्याच हाती आली होती, त्यामुळे या प्रश्नापुढून मला मुकाट्याने जाता येत नाही. थेट उत्तर हवे असेल तर, होय, उपयोग होतो. दोन-तीन महिन्यांत तुमचा रस्ता रिकामा होईल. तो कसा रिकामा होतो, ते मी पाहिले आहे.

आमच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, हे आधी सांगून टाकतो, कारण या विषयावर तोंड उघडणाऱ्या रहिवाशाला लगेच ढोंगी ठरवले जाते. रात्री दहानंतर तीच तीच गाडी पाच-पाच फेऱ्या मारत असे, कामावरून उशिरा परतणाऱ्या आमच्या मुलींना काच खाली करून नको ते विचारले जात असे, आणि सकाळी शाळेची बस जिथे थांबते तिथे वापरलेले निरोध आणि फुटलेल्या बाटल्या पडलेल्या असत. आज ती यादी पुन्हा डोळ्यांसमोर आणली की लक्षात येते, पहिल्या दोन तक्रारी गाडीतल्या पुरुषांविषयी होत्या आणि तिसरी कचऱ्याविषयी होती. उभ्या असलेल्या पाच-सहा बायकांनी आम्हाला काही केल्याचे एकही उदाहरण तीत नव्हते. तरीही पोलिसांना द्यायचा अर्ज लिहिताना विषयाच्या ओळीत मी त्यांनाच घातले.

बावीस रात्री आम्ही आळीपाळीने गस्त घातली आणि वहीत सत्त्याऐंशी नंबर जमा झाले. रस्त्याच्या एका टोकाला मोठा दिवा होता आणि त्या बायका त्याच्याच खाली उभ्या राहत. हा आम्हाला त्यांचा निर्लज्जपणा वाटे, आणि दिवा बंद करून घ्यावा असेही एका बैठकीत ठरले होते. त्यांच्यातली एक, चाळिशीच्या आसपासची, मला मास्तर म्हणत असे, बहुधा काखेतल्या वहीमुळे. ‘काय मास्तर, आज किती झाले?’ असे ती विचारी आणि मी उत्तर न देता पुढे जात असे. दहाव्या-बाराव्या रात्री मी उत्तर दिले. तेव्हा तिने कमरेच्या पिशवीतून एक डायरी काढून दिव्याखाली धरली. खिशात मावेल एवढीच, रबरबँड लावलेली. तिच्यातही गाड्यांचेच नंबर होते.

तिची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती. मी नुसता नंबर आणि वेळ लिहीत असे. ती नंबरापुढे रंग लिही, गाडीत माणसे किती ते लिही, आणि शेवटी खूण करी. फुली म्हणजे मारणारा, गोल म्हणजे पैसे बुडवणारा, आणि दोन फुल्या म्हणजे कोणीही त्या गाडीत बसायचे नाही. एक जण गाडीत बसून गेली की मागे उरलेली नंबर टिपून ठेवी, आणि तासाभरात ती परतली नाही तर बाकीच्या शोधाला लागत. पुढे वाचनात आले की ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात या व्यवसायातल्या स्त्रियांच्या संघटनेने १९८०च्या दशकातच हिंसक गिऱ्हाइकांच्या अशा याद्या छापून वाटायला सुरुवात केली होती, आणि ब्रिटनमध्ये २०१२पासून अशी देशव्यापी यंत्रणा चालते. आमच्या रस्त्यावर ती यंत्रणा रबरबँड लावलेल्या डायरीत होती.

दोन फुल्यांचा एक नंबर तिने मला वाचून दाखवला आणि विचारले, ‘हा तुमच्याकडे आहे का बघा.’ तो माझ्या वहीत तीन वेळा होता. त्याच्याआधी माझ्या डोक्यात कसा प्रकाश पडला नव्हता, कोण जाणे, कारण ती गाडी आमच्याच आवारात, माझ्या जिन्यासमोर उभी राहत असे. दुसऱ्या दिवशी मी ते पान घेऊन अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पान नीट वाचले, वहीतून फाडले, चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवले आणि म्हणाले, ‘आपला विषय रस्त्याचा आहे, गाडीचा नाही.’ मी वही घेऊन घरी आलो. त्या वेळी मी काही बोललो नाही.

नंतर दोन धाडी पडल्या. बायकांना गाडीत घालून नेले, दंड झाला, आणि गिऱ्हाइकांना दम देऊन सोडले. कायद्याची घडणच अनेक ठिकाणी अशी आहे. भारतात १९५६च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाखाली प्रौढ स्त्रीने पैसे घेऊन संबंध ठेवणे हा एवढ्यापुरता गुन्हा नाही, पण कलम ८खाली सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणे हा गुन्हा आहे, त्यामुळे चार भिंतींआडचा धंदा चालवणारे, तोही गुन्हा असला तरी, बहुधा निसटतात आणि दिव्याखाली उभी असलेली सापडते. दंड भरायला पैसे कुठून येणार, हा प्रश्न आमच्या बैठकीत कोणी विचारला नाही. ती बाई पुढचे काही दिवस आणखी उशिरापर्यंत उभी राहते, एवढेच त्या दंडाचे फळ असते.

दुसऱ्या धाडीनंतर रस्ता रिकामा झाला आणि समितीने पेढे वाटले. त्या बायका दीड किलोमीटरवर गोदामांच्या मागे गेल्या होत्या. तिथे दिवा नव्हता, आणि पोलिसांच्या नजरेत घोळका भरू नये म्हणून पाच जणी पाच ठिकाणी उभ्या राहू लागल्या. दिव्याखाली असताना गाडी थांबली की माणूस कोण, दारू प्यायलेला आहे का, आत आणखी कोणी आहे का, हे पाहून नाही म्हणायला दोन-चार मिनिटे मिळत. अंधारात, धाडीच्या भीतीने, आधी बसायचे आणि मग बोलायचे अशी गत झाली. दोन महिन्यांनी निरोध वाटायला येणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीकडून कळले की डायरीवाल्या बाईचा हात मोडला आहे आणि पुढचे दोन दात गेले आहेत. कोणत्या गाडीने, हे टिपायला त्या रात्री मागे कोणी उभे नव्हते.

अध्यक्ष आजही वार्षिक सभेत तो प्रश्न ‘मुळापासून सोडवल्याचे’ सांगतात आणि टाळ्या घेतात. जगभर असेच करतात, असे ते म्हणतात, आणि तेवढ्यापुरते त्यांचे खरे आहे. पुरुषाचे पान फाडण्याची रीत जुनीच आहे. ब्रिटनमध्ये १८६४पासून लष्करी तळांच्या आणि बंदरांच्या गावांत सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून संशयावरून स्त्रियांची सक्तीने तपासणी करणारा कायदा होता, सैनिकांना मात्र ती सक्ती नव्हती, आणि समाजसुधारक जोसेफाइन बटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे झगडून १८८६ साली तो रद्द करायला लावला. स्वीडनने १९९९पासून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले आणि विकणारीला मोकळे सोडले. त्यामुळे रस्त्यावरचे प्रमाण घटले असे त्यांचा सरकारी अहवाल सांगतो, तर धंदा फोनवर आणि आडोशाला गेला असे टीकाकार सांगतात. न्यूझीलंडने २००३ साली साठ विरुद्ध एकोणसाठ अशा एका मताच्या फरकाने प्रौढांमधला हा व्यवहार गुन्ह्यांच्या यादीतूनच काढला. माझा कल न्यूझीलंडकडे आहे. पण त्यानेही रहिवाशाच्या दारातली फुटकी बाटली आपोआप उचलली जात नाही, हे मी मान्य करतो.

आता तुमच्या ठरावाकडे येतो. तुमच्या तक्रारीचे तुकडे करा, कारण हा एकच प्रश्न आहे असे मानले की उपाय एकच सुचतो, हाकलण्याचा. फेऱ्या मारणाऱ्या गाड्या हा वाहतुकीचा प्रश्न आहे, आणि एकेरी वाहतूक किंवा रात्रीपुरते एक टोक बंद ठेवणे याने तो पुष्कळ कमी होतो. मुलींना त्रास देणे हा छेडछाडीचा सरळ गुन्हा आहे, तक्रार त्या पुरुषाविरुद्धच करा आणि नंबर तिथे जरूर द्या. कचऱ्यासाठी झाकणाची पेटी लागते आणि सकाळी ती रिकामी करणारा माणूस लागतो. उरले उभे राहणे, त्याची वेळ आणि जागा बोलून ठरवता येते, मात्र ती बोलणी आरोग्य कार्यकर्तीच्या मार्फत करा, दहा पुरुषांनी टॉर्च घेऊन जाऊन नव्हे. आमच्याकडे त्या बायकांनी दुसऱ्या धाडीच्या आधीच निरोप पाठवला होता की त्या अकरानंतर येतील, शाळेच्या थांब्यापासून लांब उभ्या राहतील, कचरा पेटीत टाकतील, फक्त दिवा बंद करू नका. तो निरोप बैठकीच्या विषयपत्रिकेवर आलाच नाही.

गस्तीत फोटो काढू नका आणि काढलेच तर गटांवर फिरवू नका. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे आणि प्रसारमाध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, असे निर्देश दिले. वसाहतीचा व्हॉट्सॲप गट म्हणजे प्रसारमाध्यम नव्हे, असा युक्तिवाद आमचे अध्यक्ष नक्की करतील.

हे सगळे मी स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हिशेबाने उभ्या राहणाऱ्या प्रौढ स्त्रियांविषयी लिहिले, हे आधी म्हणायला हवे होते. मुलगी अल्पवयीन वाटली, कोणी जवळ उभे राहून पहारा देत असले, पैसे दुसराच कोणी गोळा करत असला किंवा ती घाबरलेली दिसली, तर समितीची बैठक बोलावू नका, त्याच रात्री पोलिसांना आणि बालकांच्या मदतवाहिनीला कळवा. स्वतः सोडवायला जाऊ नका, दलाल तिला तासाभरात हलवतो. आणि दिव्याखाली उभे राहिले की सगळे सुरक्षित, असेही मला म्हणायचे नाही. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात होलबेक भागात २०१४ साली ठरावीक वेळेत उभे राहण्याची मुभा असलेला भाग आखला गेला, डिसेंबर २०१५मध्ये तिथेही एका स्त्रीचा खून झाला, रहिवासी कुरकुरत राहिले आणि २०२१ साली तो प्रयोग संपला. त्याच देशातल्या इप्सविचमध्ये २००६ साली काही आठवड्यांत पाच जणींचे खून झाल्यावर मात्र प्रशासनाने गिऱ्हाइकांवर कडक कारवाई केली आणि रस्त्यावरच्या एकेका स्त्रीसाठी घर आणि व्यसनमुक्तीची वेगळी व्यवस्था लावली. ते खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. एका समितीच्या आवाक्यातले नाही, पण तशी मागणी करणारा अर्ज समितीला लिहिता येतो.

एवढे वाचूनही तुमच्याकडे ठराव मंजूर होईलच, मला माणसे माहीत आहेत. मग वही निदान तुमच्याकडे घ्या, आणि पहिल्या रात्री बाहेर पडण्याआधी तिच्या प्रत्येक पानावर क्रमांक घाला.