कपाळाचा सायनस पुन्हा तुंबला तर?

प्रश्न : दोनदा दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तरी भुवईवरचा ठणका परत आला. डॉक्टर आता ‘ड्राफ ३’ सुचवतात. हे वेगळं काय? (वाचक, सांगली)

उत्तर : कपाळातल्या सायनसची वाट अरुंद असते. आधीच्या ऑपरेशनात तिथे हाडातला एखादा हवेचा छोटा कप्पा राहून गेला किंवा आतलं अस्तर चहूबाजूंनी खरवडलं गेलं, तर व्रण धरून वाट पुन्हा मिटते. म्हणून आधी नवा सीटी स्कॅन बघा. राहिलेला कप्पा काढूनच भागत असेल तर एवढ्या मोठ्या ऑपरेशनची घाई नको.

ड्राफ ३ मध्ये दोन्ही सायनसचा तळ, मधला पडदा आणि नाकाच्या पडद्याचा वरचा भाग ड्रिलने काढून एकच सामाईक तोंड करतात. मेंदूचं आवरण आणि डोळा अगदी लगत, त्यामुळे सहसा नॅव्हिगेशन (अवजार नेमकं कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारी यंत्रणा) वापरतात. नंतर नाकातून पाण्यासारखं पातळ गळू लागलं, तर लगेच कळवा.

हे तोंडही काही महिन्यांत आकसतंच. खपल्या काढून घ्यायला दुर्बीण-तपासणी चुकवू नका. उकळून गार केलेल्या २४० मिलि पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा आयोडीनविरहित मीठ घालून, डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून नाक धुवा. पॉलिप (अस्तर सुजून झालेल्या मऊ गाठी) असतील तर स्टेरॉइडचं औषध पुढेही चालूच राहतं. ऑपरेशनने वाट मोकळी होते, सूज येण्याचा स्वभाव जात नाही.