‘बाकीच्यांना कोडिंग येतं, मला नाही’

मे महिना लागला की इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या माझ्या करिअर-सल्ल्याच्या छोट्याशा खोलीत एकच वाक्य फिरून फिरून येतं. कधी मुलगा म्हणतो, कधी मुलीची आई दाराशी थांबून कुजबुजते, “कम्प्युटर घ्यायचंय, पण कोडिंग तर येतच नाही. झेपेल का?” यंदा ते इतक्यांदा ऐकलं की म्हटलं, लिहूनच टाकावं. खाली ज्याला निनाद म्हटलंय तो कुणी एक मुलगा नाही. दोन-तीन मुलं मिसळून तो झालाय, आणि पाच-सहा भेटींचं इथे थोडक्यात आवरलंय.

निनाद वडिलांबरोबर आला. वडील बँकेत. खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी वही उघडली: एसजीएसआयटीएस, आयईटी ही इथली इंजिनिअरिंग कॉलेजं, मग खासगी कॉलेजं, आणि प्रत्येकापुढे गेल्या वर्षी कुठली ब्रँच कुठल्या रँकला बंद झाली ते. “मॅडम, नुसतं सीएस (कम्प्युटर सायन्स) घ्यायचं की एआय-एमएल (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग)?” निनाद खिडकीबाहेर बघत होता.

“तुला काय वाटतं रे?”

“वर्गातला एक जण आठवीपासून अ‍ॅप बनवून राहिलाय. मला ‘प्रिंट’ कमांडच्या पुढे काही येत नाही. आणि आता तर सगळं एआयच लिहितं म्हणतात.”

वडिलांचा प्रश्न सोपा होता, तो आधी निकालात काढला. दोन्ही ब्रँचचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या साइटवरून काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क्स हा गाभा बहुतेक दोन्हीकडे तोच निघतो. नावापेक्षा शिकवणारी माणसं आणि लॅब बघा. बी.टेक. नाहीच मिळालं तर ३ वर्षांचं बीसीए आणि २ वर्षांचं एमसीए हा रस्ताही खरा आहे. २०२० पूर्वी एमसीएच ३ वर्षांचं होतं, तेव्हा तो आणखी लांब पडायचा. वडिलांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

निनादला मात्र समजावण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, “घरात दर महिन्याला होणारं आणि कटकटीचं असं काय काम आहे?”

“आईची भिशी,” तो हसला. बारा बायका, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, जिचं नाव निघालं ती पुढच्या सोडतीतून बाद.

“सोडतीचा प्रोग्राम लिहून आण.”

पुढच्या भेटीला प्रोग्राम हजर. चकचकीत, चालणारा. “दोघींनी आपसांत नंबर बदलून घेतला तर यातली कुठली ओळ बदलशील?” निनाद गप्प. मग म्हणाला, “एआयने लिहिलंय.”

“असू दे. आता तिकडे न बघता लिही. बारा नको, तीनच बायका घे.”

तिसऱ्यांदा तो एकटाच आला, डोळे तांबारलेले. बसायच्या आत सुरू. “मॅडम, जोशी काकू दोनदा निघाल्या! मग कळलं, नाव निघालं की ते यादीतून काढायला पाहिजे. ते केलं. झोपलो. सकाळी परत चालवलं तर जोशी काकू परत यादीत! बंद केलं की ते सगळं विसरतं. म्हणजे फाइलीत लिहून ठेवायला पाहिजे ना?”

मी काही कम्प्युटरवाली नाही. पण पहिल्या दिवशी पाठीत वाकून बसलेला मुलगा आता हात उडवत बोलत होता, तेवढं दिसत होतं.

“किती वाजेपर्यंत बसला होतास?”

“दीड. आई दोनदा ओरडली.”

“कंटाळा नाही आला?”

“राग आला. पण सोडवेना.”

“मग आता येतं का कोडिंग?”

बराच वेळ गेला. खाली भाजीवाला ओरडून निघूनही गेला. “येत नाही,” तो म्हणाला, “पण अडलं तर बसता येतं.”

बावीस वर्षं या खुर्चीत बसतेय. असं वाक्य मुलाच्या तोंडून निघालं की तो दिवस माझा असतो. भीती आधी जाते आणि मग माणूस कामाला लागतो, असं मी मानत नाही. काम आधी, भीती मागाहून पातळ होते. ‘येत नाही’ ही आजची बातमी आहे. मुलं ती जन्मपत्रिकेसारखी वाचतात.

आणि पहिल्या वर्षी प्रोग्रामिंग बहुतेक सगळीकडे शून्यापासूनच शिकवतात. आठवीपासून अ‍ॅप बनवणाराही तिथे गणितात अडखळताना मी पाहिलाय. तेव्हा सुट्टीत महागडे कोर्स घेऊ नका. प्रोग्रामिंगची एकच भाषा धरा. अकरावी-बारावीचे संच, क्रमचय-संचय आणि संभाव्यता पुन्हा नीट करा. एरर आली की घाबरून खिडकी बंद न करता वाचायची सवय लावा. पायथॉन भाषेत नेमकं काय बिनसलं ते बहुधा शेवटच्या ओळीत असतं. एआयला जरूर विचारा, पण स्वतः तासभर अडून बसल्यावर.

हाच भिशीचा खेळ मी एका मुलीला दिला, तर दहा मिनिटांत तिने लॅपटॉप मिटला. तिला मजा वाटत होती ती ‘माझं नाव सहाव्या महिन्याच्या आत निघायची शक्यता किती’ यात. ती स्टॅटिस्टिक्सला गेली. तिच्या आईला अजून ते फारसं पटलेलं नाही.

निनादने सीएस घेतलं. प्रोग्राम पुरा करून त्याने भिशीत दाखवला, पण बायकांचा भरवसा डब्यावरच. जोशी काकू तेवढ्या म्हणाल्या, “अरे, तो पहिलावालाच चांगला होता, तोच ठेव.”