शेवेचा भाव आणि दोनाची रांग

प्रश्न : काकू, नमस्कार. मी इंदूरला भंवरकुआंजवळ हॉस्टेलवर राहतो, एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांच्या नमकीनच्या दुकानासाठी ऑर्डर घ्यायची वेबसाइट करतोय, फ्लास्कमध्ये, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या चौकटीत. शेव २८० रुपये किलो, कुरिअरचे ६० रुपये. २ किलोची ऑर्डर दिली की एरर येते आणि ती कुरिअरचे पैसे रकमेत मिळवण्याच्या ओळीवर दाखवते. त्या ओळीत तर मला काहीच चूक दिसत नाही. दहा ठिकाणी प्रिंट टाकले, किलोच्या जागी २ बरोबर छापून येतं. एक मित्र म्हणतो, डीबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, वापर. दुसरा म्हणतो, डीबग मोड चालू केलास की हॅक झालासच. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही ऐक. पण आधी शेवेचं बघू.

कोड पाठवला नाहीस, तरी पैजेवर सांगते, कुरिअरची ओळ निर्दोष आहे. हरले तर सराफ्यातले गराडू माझ्याकडून. सर्व्हर डीबग मोडमध्ये चालव आणि तीच ऑर्डर पुन्हा दे. ब्राउझरमध्ये एररचं जे लांबलचक पान येतं, ते बघून मुलं घाबरून टॅबच बंद करतात. तू करू नकोस. फ्लास्क ज्या वर्कझ्यूग नावाच्या लायब्ररीवर उभा आहे, तिचा तो डीबगर. खाली तुझी कुरिअरची ओळ सापडेल. तिच्यावर माउस नेलास की उजवीकडे छोटंसं चिन्ह दिसेल, ते दाब. पिन मागेल. सर्व्हर सुरू होताना तो तुझ्याच टर्मिनलमध्ये छापलेला असतो. तो दिलास की कन्सोल उघडेल, म्हणजे पायथनच्या ओळी लिहून बघायची जागा.

आता प्रोग्राम जिथे कोसळला, तिथली सगळी व्हेरिएबल जशीच्या तशी तुझ्यापुढे आहेत. रकमेच्या व्हेरिएबलचं नाव लिही आणि एंटर दाब. ५६० यायला हवेत ना? येईल दोनाची रांग. २२२२२२… असे २८० दोन. फॉर्ममधून आलेली प्रत्येक गोष्ट फ्लास्क तुला मजकूर म्हणून देतो आणि मजकुराला आकड्याने गुणलं की पायथन तो मजकूर तितक्या वेळा लिहून काढतो. मुकाट्याने, हूं की चूं न करता. त्या रांगेत तू ६० मिळवायला गेलास, तेव्हा कुठे त्याने हात वर केले.

आणि प्रिंटने तुला का फसवलं, तेही बघ. त्याच कन्सोलमध्ये किलोचं व्हेरिएबल लिही. दोनाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिसतील. प्रिंट ती गाळून टाकतो, त्याच्याकडे मजकुरातला २ आणि आकड्यातला २ अगदी सारखे दिसतात. किलो फॉर्ममधून घेतानाच इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात बदल, काम झालं. मामा पाव किलोही विकत असतील, तर सरळ ग्रॅममध्ये घे.

एरर न येता हिशेबच चुकत असेल, तर हे पान येणारच नाही. तिथे संशयाच्या ओळीआधी ब्रेकपॉइंट() लिही, म्हणजे प्रोग्राम तिथे थांबेल; पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय आहे. ब्राउझरचं चाक नुसतं फिरत राहील. साइट अडकली असं समजू नकोस, टर्मिनलमध्ये प्रोग्राम तुझी वाट बघतोय. एन म्हणजे पुढची ओळ, एस म्हणजे फंक्शनच्या आत, सी म्हणजे चालू दे. व्हेरिएबललाच एन नाव दिलं असशील तर ते आज्ञा समजलं जाईल, म्हणून पी एन लिही. आणि मध्येच फाइल सेव्ह करू नकोस, फाइल बदलली की डीबग मोडमधला रीलोडर सर्व्हर पुन्हा सुरू करतो नि तुझी थांबलेली जागा जाते.

आता दुसरा मित्र. तो कन्सोल ज्याच्या हाती, त्याला तुझ्या सर्व्हरवर हवा तो पायथन चालवता येतो. डेटाबेसचा पासवर्डसुद्धा वाचता येतो. चाहत्यांकडून कलाकारांना पैसे मिळवून देणाऱ्या पेट्रिऑन या साइटमध्ये २०१५ साली घुसखोरी झाली, ती इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या डीबग आवृत्तीतूनच. पिन आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. फोनवर साइट बघायची म्हणून होस्ट ०.०.०.० ठेवतात, तेव्हा हॉस्टेलच्या वायफायवरच्या सगळ्यांना ती दिसते. त्या वेळी डीबग बंद ठेव.

माझी फजिती मात्र वेगळी होती. एका मिठाईवाल्यांच्या साइटवर ५ किलोंहून जास्त श्रीखंडाला सूट होती, त्या हिशेबात माझा ब्रेकपॉइंट राहून गेला. तपासताना मी दर वेळी अर्धाच किलो मागवत होते! पाडव्याच्या सकाळी, मी गुढीला साखरेची गाठी बांधत होते, तेवढ्यात फोन आला : "मैडम, बड़े ऑर्डर में साइट बैठ जा रही है." लाइव्ह सर्व्हरवर टर्मिनलसमोर कोणी बसलेलं नसतं. डीबगरला उत्तर मिळालं नाही, त्याने काम सोडलं आणि गिऱ्हाइकाला सर्व्हर एरर. तेव्हापासून लाइव्ह सर्व्हरवर पायथनब्रेकपॉइंट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत ० ठेवते, म्हणजे विसरलेला ब्रेकपॉइंट() नुसताच ओलांडला जातो. आणि ऑर्डर तपासते ती ६ किलोंची.